मोनेच्या बागेसाठी अख्खा दिवस घालवावा का?

पोफळबाग
नमस्कार मंडळी. थोरली लेक पॅरिसला असते, केव्हाची बोलावतेय. यंदा जमेलसं दिसतंय. काय काय बघायचं त्याची यादी तिनेच केली आहे आणि त्यात एक अख्खा दिवस जिव्हेर्नी नावाच्या खेड्यासाठी राखून ठेवला आहे. क्लोद मोने हा चित्रकार १८८३ पासून १९२६ साली जाईपर्यंत तिथे राहिला. त्याचं घर आणि बाग आता तिकीट काढून बघता येते. लेक म्हणते, "बाबा, लूव्ह्रपेक्षा तुम्हाला हेच आवडेल."

आता माझी अडचण सांगतो. माझा जन्म वाडीत गेला. गुहागरच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. सकाळी उठून शिपणं लावायचं, झावळ्या ओढायच्या, वानर हाकलायचे. एवढे पैसे खर्चून सातासमुद्रापार जायचं आणि तिथे परत दुसऱ्याची बागच बघायची? चित्रातलं मला फारसं कळत नाही, उगाच कळल्याचा आव आणत नाही. कुणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा. आणि जायचंच झालं तर कधी? मे महिन्यात मला हलता येत नाही, ते का हे इथे सांगायची गरज नाही.

तिरफळ
बापूनू, पैसे देवन दुसऱ्याची बाग बघूक जातल्यात? त्यापेक्षा मालवणाक येवा, माजी बाग फुकट दाखवतंय. वर तण काढूकय देतंय.

खाडीकाठ
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जाऊ नका. त्या घरात मोनेचं एकही अस्सल चित्र नाही. त्याच्या स्टुडिओत भिंतभर टांगलंय ते सगळं प्रतिकृती. अस्सल बघायचं तर पॅरिसमध्येच ओरांजरी संग्रहालयात जा. दोन लंबगोल दालनं आहेत, त्यात भिंतीच्या वळणाबरोबर वळत जाणारी कमळांची आठ मोठी चित्रं. प्रत्येक सुमारे २ मीटर उंच, सगळी मिळून लांबी ९१ मीटरच्या आसपास. पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, मोनेने फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून चित्रं देशाला द्यायची तयारी दाखवली. दालनं उघडली १९२७ मध्ये, तोवर तो गेला होता. मधे बाकं ठेवलेली आहेत, बसून निवांत बघा. अर्ध्या दिवसात होतं. जिव्हेर्नीला मोबाइल उंचावून उभी असलेली माणसंच जास्त दिसतात.

सुरंगी
खाडीकाठ, अर्धं बरोबर. पण तुम्ही चित्रं बघायचा पत्ता देताय आणि बापू बागेबद्दल विचारतायत.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता वेंगुर्ल्याला असते. भाचीबरोबर जाऊन आले. चित्रकाराचं घर म्हणजे काहीतरी नाजूक-साजूक असेल असं मला वाटलं होतं. घर लांबच लांब, गुलाबी, खिडक्यांची दारं हिरवी. आत जेवणाची खोली पिवळी. नुसत्या भिंती नव्हेत. कपाटं, खुर्च्या, सगळंच पिवळं, आणि त्यावर जपानी छापचित्रं ओळीने लावलेली. तिथून दार उघडलं की स्वयंपाकघर: निळ्या-पांढऱ्या फरशा आणि भिंतीवर तांब्याची भांडी, लहान-मोठी उतरत्या ओळीत. माझ्या भाचीने बागेचे फोटो काढले, मी त्या भांड्यांपुढून हलेना. कल्हई कोण करत असेल, हा माझ्या डोक्यातला पहिला विचार!

बागेचे भाग दोन. घरासमोरची फुलबाग सरळ रेषेतली: मधे रुंद वाट, वर लोखंडी कमानी, दोन्ही बाजूंना लांबट वाफे. गंमत अशी की आखणी काटेकोर आणि लागवड मात्र मोकाट. सप्टेंबरात मधल्या वाटेवर नॅस्टर्शियम हे सरपटणारं फुलझाड दोन्हीकडून इतकं सरकत येतं की चालायला जागा उरत नाही. दुसरा भाग पाण्याचा, तो रस्त्यापलीकडे. भुयारी वाटेने जावं लागतं. मोनेच्या काळात मधून रेल्वेचे रूळही जायचे.

पण बापू, तुमच्यासाठी सांगण्यासारखं ते वेगळंच. मी सकाळी पहिल्या लोकांत आत शिरले होते. तळ्यात एक माळी सपाट होडीत उभा होता. हातात लांब दांड्याचं जाळं. तो कमळाच्या पानांच्या चकत्यांमधलं शेवाळ काढत होता, पिवळं पडलेलं पान देठासकट ओढून होडीत टाकत होता, आणि पानांचा पुंजका फार पसरला असेल तर कडेने छाटत होता, मधे मोकळं पाणी राहावं म्हणून. त्या मोकळ्या पाण्यात आभाळ दिसतं. मोनेला हवं होतं ते तेच. त्याच्या वेळीही हे काम करायला वेगळा माळी होता, आणि एकूण माळी सहा-सात. म्हणजे आपण ज्याला निसर्गचित्र म्हणतो त्याच्या आधी रोज सकाळी कोणीतरी पाण्यात उभं राहून मजुरी केलेली असायची. हे मला वर्गात इतकी वर्षं शिकवताना कुठे ठाऊक होतं!

पोफळबाग
सुरंगीताई, आता जरा कान टवकारले माझे. ते तळं मूळचं की खणलेलं? पाणी कुठलं?

जांभा
खणलेलं. यातलं मला सांगता येईल, पाण्याची कामंच करतो मी (रत्नागिरी).

मोने आधी भाडेकरू होता. १८९० ला घर विकत घेतलं, १८९३ ला रस्त्यापलीकडचा ओलसर तुकडा. तिथून एप्त नदीचा एक बारका फाटा जातो, त्याला 'र्यू' म्हणतात. त्याचं पाणी वळवून तळं करायचं असं त्याच्या मनात. त्यासाठी सरकारी परवानगी लागली आणि गावकरी आडवे आले. त्यांचं म्हणणं, हा माणूस परदेशी झाडं लावणार, पाणी बाधणार, खाली आमची गुरं पितात, बायका कपडे धुतात. मोने वैतागला, प्रीफेक्टला म्हणजे आपल्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याला पत्रं लिहिली, शेवटी परवानगी मिळवली. मग १९०१ मध्ये आणखी जमीन घेऊन तळं वाढवलं.

पाण्याला दोन्हीकडे झडपा ठेवल्या होत्या. कारण कमळाच्या या जातींना वाहतं गार पाणी सोसत नाही, साठलेलं आणि उन्हाने कोमट झालेलं लागतं. म्हणजे पाणी बदलत तर राहिलं पाहिजे, पण वाहताना दिसता कामा नये. पाट ज्याने सांभाळलाय त्याला विचारा हे किती किचकट काम आहे.

तिरफळ
म्हणजे मोनेकपण ग्रामपंचायतीचो ना हरकत दाखलो लागलो!! आता माका तो मनुष्य जवळचो वाटूक लागलो.

पोफळबाग
आमच्याकडे पाटाच्या पाळ्यांवरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत, तेव्हा गावकऱ्यांची बाजू मला चांगली समजते. पुढे काही बिघडलं का त्यांचं?

जांभा
गुरं मेल्याचं काही वाचनात नाही. उलट मोनेने पुढे स्वतःच्या पैशाने तळ्याजवळच्या रस्त्यावर डांबर घालून घेतलं. मोटारी वाढल्या आणि धूळ उडून कमळांच्या पानांवर बसायला लागली, म्हणून. रस्ता गावाला फुकटात मिळाला.

सुरंगी
आणि ज्या पुलाचे फोटो सगळीकडे दिसतात तो जपानी पूल! लाकडी, कमानदार, हिरवा रंगवलेला, वर विस्टेरियाच्या वेलाचे जांभळे घोस. भाची भारावून गेली होती. मी म्हटलं, अगं हा साकवच आहे, फक्त याच्यावरून कोणी भाताचे भारे घेऊन गेलेलं नाही.

खाडीकाठ
हे सगळं गोड आहे, पण एक प्रश्न विचारतो. तुम्ही बघता ती मोनेची बाग आहे का? मधे ती पार उजाड झाली होती. आता दिसते ती नव्याने लावलेली. नव्या पुलावर उभं राहून जुन्या चित्रकाराची आठवण काढायची म्हणजे प्रतिकृतीतली प्रतिकृती झाली.

बंदघर
खाडीकाठांनी मुद्दा काढलाच आहे तर मधल्या काळाचं लिहितो, कारण मला त्यातच जास्त रस आहे.

मोने गेल्यावर घर मुलाकडे, मिशेलकडे गेलं. तो तिथे राहत नव्हता. बाग सांभाळली ब्लांशने. ती मोनेच्या दुसऱ्या बायकोची मुलगी आणि सूनही, स्वतः चित्रकार. ती १९४७ ला गेली आणि मग सगळं सुटलं. तळ्यात गाळ भरला, पूल कुजला, घराच्या तक्तपोशीचं लाकूड सडलं, काचा फुटल्या, उंदीर झाले. १९६६ मध्ये मिशेल मोटार अपघातात गेला. त्याने मृत्युपत्रात सगळं फ्रान्सच्या ललितकला अकादमीला दिलं होतं. तरी काम सुरू व्हायला १९७७ उजाडलं. व्हर्सायच्या राजवाड्याचं काम केलेले जेराल्ड व्हान देर केम्प यांच्याकडे ते सोपवलं, पैसा बराचसा अमेरिकन देणगीदारांचा. १९८० मध्ये लोकांसाठी उघडलं.

आता आमचं घर सांगतो. राजापूर तालुक्यात, चिऱ्याचं, माडी असलेलं, पणजोबांनी बांधलेलं. आम्ही सगळे मुंबईत. गणपतीला कुलूप उघडतो, पाठीमागच्या पडवीचं छप्पर यंदा किती खाली आलंय ते बघतो, मोदक खातो आणि परत कुलूप. सातबारावर इतकी नावं आहेत की कौलं बदलायची तरी कोणाकोणाला विचारायचं? म्हणून ती ब्लांश गेल्यानंतरची वर्षं मला अगदी ओळखीची वाटतात. फरक एवढाच की आमच्या पणजोबांनी चित्रं काढली नव्हती.

जांभा
@खाडीकाठ, बाग कधी मूळची असते का हो? पोफळ मेली की तिच्या आळ्यात रोप लावतो आपण. माझ्या आजोबांच्या वाडीतली एकही पोफळ आज उभी नाही, पण वाडी आजोबांचीच. ओळी त्यांच्या, पाट त्यांचा, विहीर त्यांची. जिव्हेर्नीतही आखणी तीच आहे. जुने फोटो, चित्रं, पत्रव्यवहार यांवरून ती परत बसवली.

खाडीकाठ
वाडीत सुपारी लागते, जांभाजी. तिथे तिकीट लागतं. 😀 बाकी मुद्दा मान्य, अर्धाच.

मांडवा_धक्का
सगळे फ्रान्सला निघाले, अलिबागला कोणी उतरेना! सासवणे माहीत आहे ना? रेवस रस्त्यावर, मांडव्याहून रिक्षाने जाता येतं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं घर. पुण्याला शिवाजी प्रिपरेटरी शाळेतला १९२८ चा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला ते. चित्रकार नव्हेत, शिल्पकार, पण या धाग्यात चालायला हरकत नसावी.

जन्म तिथलाच, १८९१ चा. लहानपणी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ऑटो रॉथफिल्ड नावाचे कलेक्टर गावात आले, त्यांनी ते बघितलं आणि पोराला मुंबईला जे. जे. मध्ये धाडायची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता, लंडन सगळं झालं. १९६७ मध्ये गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी घर आणि शिल्पं जपली.

अंगणात शिरलात की झाडांखाली शिल्पं. बसलेली एक म्हैस आहे, सिमेंटची. संगमरवर नाही, कांसं नाही, साधं सिमेंट! पाठीचा कणा, पोटाची घडी, मान किंचित वळवून बघण्याची तऱ्हा, सगळं इतकं बरोबर की आमच्या शेजारचं पोर तिच्यापुढे गवत धरून उभं राहिलं होतं. आत कोळणी आहेत, शंख फुंकणारा आहे. माणसं गावातलीच वाटतात. मुंबईची मंडळी त्या रस्त्याने भरधाव किहीमला जातात आणि पाटीकडे मान वळवून बघत नाहीत.

सुरंगी
मी मुलांची सहल नेली होती तिथे. म्हशीचं अगदी खरं.

तिरफळ
आणि पिंगुळी कोणी सांगूचा? कुडाळाच्या बाजूक. ठाकर समाजाची चित्रकथी. कागदावर काढलेली चित्रा एकामागून एक दाखवत रामायण-महाभारत गावन सांगतत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचा संग्रहालय केला. २०२१ साली पद्मश्री गावली त्यांका. जावन बघा, बाहुलेपण नाचवन दाखवतत. थंय बाग नाय, पण घरातली माणसा बोलतत, ह्या काय कमी असा?

बंदघर
मालगुंडचं केशवसुतांचं घरही आहेच. चित्रकार नव्हे, कवी. पण घर नीट उभं केलंय आणि गणपतीपुळ्याला येणारा एखादा तरी पाय तिकडे वळतो. म्हणजे आपल्याकडे होत नाही असं नाही. जिथे कुणीतरी रोज सकाळी दार उघडतं, तिथेच होतं.

काजूबी
विषयांतर करू का? हे सगळं वाचून मलाही परसात छोटं तळं करावंसं वाटतंय. आमच्याकडे जांभ्याचा कातळ. शक्य आहे का? आणि डासांचं काय?

जांभा
जांभा पाणी धरत नाही, तो सच्छिद्र असतो. पावसात तुडुंब आणि दिवाळीला कोरडं, असं होईल. शेततळ्याला घालतात तो जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, किंवा चिरेबंदी टाकी बांधून आतून गिलावा करा. खोली दीड-दोन फूट पुरे. कडा जमिनीपेक्षा चार बोटं वर ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातला चिखल आत.

सुरंगी
कमळाचा कंद सरळ टाकीत टाकू नका. पसरट कुंडीत चिकट माती भरून त्यात लावा, वर बारीक खडीचा थर द्या, आणि कुंडी पाण्यात बुडवून ठेवा. कोकोपीट किंवा हलकं खत अजिबात नको, सगळं तरंगून वर येतं. रोज पाच-सहा तास ऊन हवं. माडाच्या सावलीत पानं येतील, फुलं यायची नाहीत.

मांडवा_धक्का
डासांसाठी गप्पी मासे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बहुतेक ठिकाणी फुकट देतात. नंतर खंड्या येऊन बसतो तो भाग वेगळा.

तिरफळ
आणि मगे रात्री बेडूक वरडतत, ता ऐकान शेजारी भांडूक येतत. मोनेच्या गावच्यासारखेच.

काजूबी
धन्यवाद! सासूबाईंचा ना हरकत दाखला तेवढा मिळवते.

पोफळबाग
मंडळी, धागा कुठच्या कुठे गेला, पण माझं काम झालं. खाडीकाठ, तुमचं ओरांजरी यादीत घातलंय. लेक म्हणाली ती आधीच घालून बसली होती. जिव्हेर्नीलाही जातोय. फुलं बघायला म्हणून नाही, त्या झडपा आणि तो होडीतला माळी बघायला. लेकीला हे सांगितलं तर ती हसतच सुटली.

आता 'कधी' तेवढं ठरवून द्या. आंबा मेअखेरीस आटपतो, मग पाऊस, मग लावणी. गणपती झाल्याशिवाय घर सोडता येत नाही. ऑक्टोबरात भात कापणी. मधे जी फट राहते तेवढीच माझी. आणि गुडघे कुरकुरतात, चालणं किती?

सुरंगी
मग विसर्जन करूनच निघा, छान जमतंय. बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर उघडी असते. विस्टेरिया मे महिन्यातला, तो तुमच्या नशिबात नाही. कमळं जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असतात, उशिरा गेलात तर थोडी कमी दिसतील. शिवाय डेलिया आणि ती नॅस्टर्शियमची वाट. पानं गळायच्या आधीचं ऊन तिरकं येतं, ते पाण्यावर बघा.

पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनावरून व्हेर्नोंची गाडी धरायची, तासाभराच्या आत पोचते. स्टेशनासमोरून बस मिळते, पुढे ५ किलोमीटर. तिकीट लेकीला आधीच ऑनलाइन काढायला सांगा, नाहीतर रांगेतच गुडघे जातील. बागेत सगळं मिळून दोन-तीन तास सावकाश. वाटा सपाट आहेत, बसायला बाकंही आहेत. घरात जिना आणि भुयारी वाटेला पायऱ्या आहेत, तेवढं जपून. वेळ उरला तर गावातल्या चर्चच्या आवारात मोनेची कबर आहे, फुलझाडं लावलेली, साधीच.

खाडीकाठ
क्रम माझा ऐका. आधी जिव्हेर्नी, मग ओरांजरी. तळं डोळ्यांत ताजं असताना चित्रं बघा. अखेरची कामं करताना त्याला मोतीबिंदू होता, १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. हे लक्षात ठेवून रंग बघा. (हो, मी जाऊन आलोय जिव्हेर्नीला. गर्दीत उभा राहून चरफडत होतो, पण पाच वाजेपर्यंत निघालो नाही.)

तिरफळ
बगा, शेवटाक खरा भायर पडला!

बंदघर
बापू, परत आलात की झडपांचे फोटो टाका. पुलाचे नकोत, ते आहेत सगळ्यांकडे.

पोफळबाग
टाकतो. एकच राहिलं. ते नॅस्टर्शियमचं बी आणता येईल का खिशातून? वाडीच्या बांधावर लावून बघेन म्हणतो.

जांभा
आणू नका. परदेशातून बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, विमानतळावर सापडलं तर काढून घेतील. पुण्याच्या कुठल्याही बियाण्यांच्या दुकानात मिळतं. दसरा उलटला की लावा, पावसात कुजतं. आणि स्वेटर न्या, तिथे सप्टेंबरात सकाळी गारठा असतो.